आत्याच्या तांबड्या, बाबांच्या पांढऱ्या

आईचा फोन आला. "मी तुझ्याकडे राहायला येते," म्हणाली. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाली, "ते तुझ्या बाबांना विचार." आई अशी तोडून बोलत नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच घर गाठलं.

माझे बाबा न्हावी. पुढच्या खोलीत दुकान, मागे आमच्या राहत्या खोल्या, त्यांच्या मागे अंगण आणि अंगणात कोंबड्यांचं खुराडं. बाबांचं काही बिनसलं की हातातली कात्री हवेतच चालू होते, कचकच, कचकच, समोर गिऱ्हाईक असो वा नसो. मी दारात पाऊल ठेवलं तेव्हा कात्री नुसती धावत होती आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. म्हणजे एक होतं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर टोपलीत झुबकी बसली होती, मानेवर हळद लावलेली.

झुबकी ही बाबांची लाडकी कोंबडी. मऊ पांढऱ्या पिसांची, डोक्यावर पिसांचा हा एवढा झुबका. तिच्या जातीच्या चार बाबांनी हौसेनं पाळल्या होत्या. अंडी बेताची, स्वभाव गरीब, कुणीही उचलून मांडीवर घ्यावं. बाबा त्यांचे झुबके धुवायचे, विंचरायचे. झुबका डोळ्यांवर येऊन बिचारीला समोरचा दाणासुद्धा दिसत नसे, पण न्हाव्याच्या घरची कोंबडी, तिचे केस कापायचे नाहीत, असा बाबांचा हट्ट. असला हट्ट न्हावीच करू जाणे.

मग दोन वर्षांपूर्वी आत्याचे यजमान वारले आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडे राहायला आली. येताना एक ट्रंक आणि तीन तांबड्या कोंबड्या घेऊन आली. तांबड्या अंडी देण्यात पटाईत, चालण्यात ताठ. त्यांतल्या मोठीचं नाव मी फौजदारीण ठेवलं. आल्या दिवशी तिनं खुराड्यातल्या सगळ्यात उंच दांडीवर बैठक मारली. दाण्याच्या भांड्याजवळ पांढरी आली की टोच. झुबकीला तर मागून कोण येतंय तेच दिसायचं नाही. आधी पिसं गेली, मग रक्त आलं, आणि रक्त दिसलं की कोंबड्या वेड्यासारख्या तिथंच टोचत राहतात.

बाबांनी काय केलं? झुबकीला बाहेर काढलं. टोपलीत घालून दुकानात ठेवलं, जखम भरली की परत सोडलं, पुन्हा रक्त, पुन्हा टोपली. शेवटी हट्ट सोडून झुबकाही कापला. त्या दिवशी म्हणे ते जेवले नाहीत. झुबकीला आता दिसत होतं, पण दिसून काय उपयोग? येणारी टोच फक्त आधी कळायची. आणि आता तिच्या जातीच्या तिघीसुद्धा तिला टोचायला लागल्या होत्या.

"हे कोंबड्यांचं राहू द्या," मी म्हटलं. "आई का निघालीय?"

कात्री थांबली. "चार दिवस जाऊन येऊ दे तिला तुझ्याकडे. तोवर इथलं शांत होईल."

मला असा राग आला की काय सांगू. पण आधी आईला गाठलं. ती आतल्या खोलीत पिशवी भरत होती.

"वन्सं वाईट नाहीत गं," ती म्हणाली. "पहाटे उठतात, माझ्या दुप्पट काम करतात. पण सगळं त्यांच्या हातानं व्हायला हवं. मी काही बोलायला गेले की आवाज चढतो. आवाज चढला की तुझे बाबा येतात आणि मला म्हणतात, तू जरा आत जा. मागे मला मावशीकडे पाठवलं आठवडाभर. परत आले तर स्वयंपाकघर सगळं फिरवलेलं. माझ्या घरात मला साखरेचा डबा कुठंय ते विचारावं लागलं. त्यांनी दाखवलासुद्धा, अगदी प्रेमानं." तिनं पिशवीची चेन ओढली. "आता जाईन ती परत येण्यासाठी नाही. सारखं काय डबे विचारायचे?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी तडक आत्याला चार शब्द सुनवायला निघाले, तर आईनं हात धरला. "तू भांडून जाशील. मग मी आणखी आत जाईन." ते खरं होतं, म्हणून मी बसले.

घरात कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. आत्या अंगण झाडत होती, झाडलेलं परत झाडत होती. बाबा दुकानातून अंगणात, अंगणातून दुकानात. मी चहा केला, तो तिघांनीही अर्धा टाकला.

दुपारी दाणेवाला दाढी करायला आला. बाबांना कोंबड्यांचे दाणे हाच विकतो. शेजारच्या खुर्चीतली झुबकी बघून तो साबणाच्या फेसातून म्हणाला, "ही अजून इथंच?"

"काय करू? परत सोडली की टोचतात."

"टोचणारच. दर वेळी तुम्ही हिलाच काढता. चार दिवसांनी जाते ती पाहुणी म्हणून जाते, कोण तिला जागा देणार? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. त्या दांडगीला काढा ना बाहेर. ती परत येईल तोवर बाकीच्यांची बसायची घडी नीट बसलेली असेल. मग तीच खालमानेनं येते."

बाबांचा वस्तरा त्याच्या गालाजवळ थबकला. "मान हलवू नका," ते एवढंच म्हणाले.

आईला मी हातापाया पडून थांबवलं आणि स्वतःही राहिले. पिशवी मात्र तिनं रिकामी करू दिली नाही. त्याच संध्याकाळी फौजदारीण जाळीच्या पिंजऱ्यात गेली. दुकानात तिनं आरडाओरडा करून गिऱ्हाइकांचा जीव नकोसा केला. तिकडे झुबकी खुराड्यात कोपऱ्यात बसली, मग भांड्याशी गेली, मग एका संध्याकाळी मधल्या दांडीवर चढली. चार-पाच दिवसांनी फौजदारीण परत सोडली तेव्हा सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. तिनं एकीला टोचायला मान पुढे केली, तर उरलेल्या दोन तांबड्याच तिच्यावर धावून गेल्या. ती गुमान खालच्या दांडीवर जाऊन बसली. झुबकी भांड्याशी खात राहिली.

बाबा धावतच स्वयंपाकघरात आले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. आम्ही तिघीही तिथं होतो. "बघ," ते आईला म्हणाले, "आपण उगाच झुबकीला काढत होतो. काढायचं होतं त्या तांबडीला. झाली की नाही शांत?"

आई भांडी पुसत होती. पुसायची थांबली नाही.

"कोंबडीसाठी तुम्हाला सुचलं," ती म्हणाली. "माझ्यासाठी दोन वर्षांत नाही सुचलं."

बाबांच्या हातात कात्री नव्हती, तरी बोटं तशीच चालू झाली. ती त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवली. आत्या गॅसकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं आता आवाज चढणार आणि बाबा नेहमीचं बोलणार.

"आक्का," बाबा म्हणाले. "धाकट्या भावाकडे राहून ये थोडे दिवस. मी सोडायला येतो."

आत्या वळली. मी तिला ओरडताना खूप पाहिलंय, अशी कधी पाहिली नव्हती. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाबांकडे नाही, आईकडे पाहिलं.

"हे गेले आणि घर बसलं ना माझं, तेव्हा मला वाटलं, कामाची आहे असं दिसलं तरच कुणी ठेवून घेईल," ती म्हणाली. "जाते मी. पण परत आले तर मला जागा राहील का गं?"

बाबा काहीतरी म्हणायला पुढे झाले. आईनं हातानं त्यांना थांबवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं त्यांना असं थांबवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"राहील, वन्सं," आई म्हणाली. "माझ्या शेजारी. पण आधी मला साखर कुठं ठेवायची ते ठरवू द्या."

आत्यानं मान हलवली. मग तिनं फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि आईच्या हातात दिला.