कडब्याखालचं चेंबर

भोरला असतानाची ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. ठाण्यातली हजेरी आटोपली होती, ड्यूट्या वाटून देणं चालू होतं. तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याने क्षणभर ऐकलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे एक बाई दबक्या आवाजात बोलत होती.

"साहेब, नाव इचारू नका. आमच्या आळीत गटारात माणूस उतरवाय लागल्यात. लवकर या."

आळी कोणती, हे विचारावं लागलं नाही. गावच्या उतारावरच्या दोन आळ्यांनी आठवडाभर आम्हाला जेरीस आणलं होतं. खालच्या आळीत मोरीतून आणि संडासातून मैलापाणी उलटं वर येत होतं. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं, तेव्हा बाई रडत ठाण्यात आल्या होत्या. खालच्यांचं म्हणणं, वरच्यांनी मुद्दाम काहीतरी केलंय, नाहीतर त्यांची घरं कोरडी कशी? वरचे म्हणायचे, तुमची घाण तुम्ही निस्तरा. शेवटी दगडफेक झाली, एकाचं डोकं फुटलं आणि परस्परविरोधी तक्रारी आमच्याकडे नोंदल्या गेल्या.

जीप पोचली तेव्हा चेंबरभोवती घोळका होता. पासलीकडून मजुरीला आलेला एक तरणाबांड माणूस कमरेला दोर बांधून उभा होता. त्याचा एक पाय चेंबरच्या आत होता.

"पाय बाहेर काढ!" मी जीपमधूनच ओरडलो.

"साहेब, पाच मिनिटांचं काम हाय," घोळक्यातला एक पुढारी म्हणाला.

दुसऱ्या एका शहरात अशाच चेंबरशेजारी बसून मी पंचनामा लिहिला होता. आत एक गेला, वर आला नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही राहिला. साचलेल्या मैल्यातला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. हे मी त्या घोळक्याला मोठ्याने सांगितलं. असा माणूस उतरवणं हा गुन्हा आहे आणि दोर धरणाराही त्यात येतो, हेही बजावलं. दोर धरणाऱ्यांनी तो झटकन खाली टाकला. मजुराने पाय बाहेर घेतला आणि तिथेच कट्ट्यावर बसला.

"मला कुणी सांगितलंच न्हाई, साहेब," तो म्हणाला.

मी नगरपालिकेला फोन केला. गटार उपसणाऱ्या मशीनची गाडी संध्याकाळपर्यंत येणार होती. तोवर पालिकेचा मुकादम आला आणि त्याला बरोबर घेऊन मी पाण्याचाच तपास सुरू केला. बेपत्ता माणूस शोधताना आपण विचारतो, शेवटचा कुठे दिसला? तेच इथे करायचं होतं. भुयारी गटार चालतं ते उतारावर. घराघरातलं पाणी रस्त्याखालच्या लाईनला येतं आणि उताराने पुढे शुद्धीकरणाच्या टाकीकडे जातं. लाईन कुठे तुंबली तर मागचं पाणी साचत साचत जे तोंड सगळ्यात खाली असेल तिथून बाहेर येतं. म्हणजे वरची घरं कोरडी होती ती उंचीमुळे. त्यात कारस्थान काहीच नव्हतं.

आम्ही एकेक झाकण उघडत उताराने निघालो. वरच्या आळीतलं चेंबर अर्धं भरलेलं. खालच्या आळीतली दोन काठोकाठ. त्यापुढे मोठ्या रस्त्यावरचं चेंबर उघडलं, तर ते जवळजवळ कोरडं.

"मधे आणखी एक पायजे, साहेब," मुकादम म्हणाला. "ते त्या अंगणात असणार."

अंगण होतं एका एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरचं. मूळचे किकवीकडचे, शांत गृहस्थ. दोन्ही आळ्यांच्या भांडणात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. अंगणात चेंबर दिसेना. कोपऱ्यात कडबा मात्र नीट रचून ठेवलेला होता. मी त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं, चहा मागवला.

"कडबा कधी आणला?"

"झालं की बरेच दिस."

"कुठून?"

"कामथडीच्या पाव्हण्याकडनं."

"गुरं किती आहेत?"

त्यांनी कप खाली ठेवला. दावणीला एक वासरूसुद्धा नव्हतं, हे मी येताना पाहिलं होतं.

"गुरं नाहीत, मग कडबा कुणासाठी?"

मी घाई केली नाही. चौकशीत गप्प बसणं ज्याला जमतं, त्याचं निम्मं काम होतं.

"म्याच बुजवलं, साहेब," ते शेवटी म्हणाले. "वरनं येणाऱ्या पायपाच्या तोंडात वाळूची पोती ढकलली बांबूनं. काय करू? दोन्ही आळ्यांच्या चिंध्या, नारळाच्या शेंड्या माझ्या अंगणात येऊन अडकायच्या. लाईन तुंबली की माझ्या दारात फुटायची. पोरीला बघाय पाव्हणे आले, ते फाटकातनं नाकाला रुमाल लावून माघारी गेले. घरोघर जाऊन हात जोडले मी. लोक हसले. म्हणले, उतारावर घर बांधलं, भोगा."

असा प्रकार हा दखलपात्र गुन्हा आहे. तो मी दाखल केला, त्यात सवलत दिली नाही. पण मशीन आल्यावर, कडब्याखालचं झाकण उघडण्याआधी, मी पंच म्हणून दोन्ही आळ्यांतली माणसं उभी केली आणि जे निघेल ते रस्त्यावर ताडपत्री टाकून मांडायला सांगितलं. आधी वाळूची दोन पोती निघाली. लोक त्या ड्रायव्हरच्या नावाने ओरडू लागले. मग पोत्यांमागचा ऐवज यायला लागला. साड्यांचे तुकडे, लहान मुलांचे डायपर, केसांचे गुंतवळे, गोठलेल्या तेलाचे पांढरे गोळे, एक अख्खा पडदा. ओरडणं हळूहळू थांबलं. वरच्या आळीतली, भांडणात सगळ्यांत पुढे असणारी एक बाई पडद्याकडे बघून एकदम म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आमचाच!"

मग ती स्वतःच तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि दोन्ही आळ्या हसल्या. दगडफेकीनंतर पहिल्यांदाच त्या एका ठिकाणी उभ्या होत्या. तेवढ्यात लाईनमधून घरघर ऐकू आली आणि साचलेलं पाणी धबाधबा पुढे धावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गटाराचं पाणी वाहताना टाळ्या पडलेल्या मी तरी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. शिक्षिका बाई घरात धावल्या आणि दारात येऊन हात उंचावून म्हणाल्या, "उतरलं! उतरलं पाणी!"

ड्रायव्हरने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा म्हणून झालेला दंड भरला. परस्परविरोधी तक्रारी दोन्ही आळ्यांनी मिटवल्या. पुढच्या महिन्यात मी गस्तीला गेलो, तर घराघरातल्या मोरीला जाळी बसली होती, तेल डब्यात साठवलं जात होतं आणि जोराच्या पावसात लाईन भरू नये म्हणून गच्चीचं पावसाळी पाणी मैल्याच्या लाईनमधून काढून वेगळं सोडलं होतं. अंगणातल्या त्या झाकणाची पाहणी दर रविवारी दोन्ही आळ्यांची माणसं आळीपाळीने करत होती, आणि ड्रायव्हर त्यांना चहा देत होते.

त्या प्रकरणाने माझी तपासाची रीत बदलली. आरोपी सापडला की आपण फाईल बंद करतो. पण त्याच्यापर्यंत काय काय वाहत आलं होतं, हेही मागे जात बघायला हवं, नाहीतर तोच गुन्हा दुसऱ्या कुणाच्या अंगणात पुन्हा होतो.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला. नीरेला पूर होता, सगळा बंदोबस्त बाहेर. फोन वाजला, शिक्षिका बाई होत्या. मी तक्रारीची वही पुढे ओढली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही, साहेब. मोरी कोरडी आहे. तेवढं सांगायला फोन केला."

सबंध नोकरीत, काहीही झालेलं नाही हे कळवण्यासाठी ठाण्यात आलेला तो एकच फोन.