करवलीची खुर्ची

अकोल्याला अपंगांच्या मोर्चात ‘दया नको, हक्क द्या’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडून मी घरी आले, तर घरात माझाच हक्क परस्पर देऊन झाला होता. भावाचं लग्न ठरलेलं. मी त्याची एकुलती बहीण, म्हणजे करवली मीच. मंगलाष्टकं संपेपर्यंत कऱ्हा घेऊन नवरदेवामागे उभं राहायचं, एवढंच काम. पण आत्यानं ते चुलत बहिणीला देऊन टाकलं होतं.

“बोहल्यावर चामड्याचा बूट कसा चालन?” आत्या म्हणाली.

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझा उजवा पाय बुटाला जोडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या भरवशावर उभा राहतो. बूट काढला की मी खाली. मी आईकडे पाहिलं.

“कावून हट्ट करून राहिली?” आई म्हणाली. “नापिकीचं साल, कसंबसं लगन होऊन राहिलं.”

मी भडकले. करवली मीच, नाहीतर मी लग्नालाच येत नाही, असं आत्याला तोंडावर सांगून टाकलं. शेवटी आत्याच नमली.

पातूरला नवरीच्या दारी लग्न होतं. त्यांच्या गल्लीत नुकताच एका शेतकऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता, म्हणून बँड नव्हता. त्या वर्षांत कुठं ना कुठं असं असायचंच.

बोहल्यावर पाहते, तर नवरदेवाच्या मागे खुर्ची. माझं डोकंच फिरलं. सगळे उभे आणि मी एकटी बसलेली, गावाला दाखवायला! मी परत फिरणार, तोच समोर नवरीच्या मागेही एक खुर्ची दिसली. तिची धाकटी बहीण, म्हणजे तिकडची करवली, तीत बसलेली होती.

“बसा ना ताई,” ती म्हणाली. “तुमी उभ्या रायल्या तं मलेही उठा लागन.”

मी बूट काढला आणि बसले. अक्षता डोक्यावर पडत होत्या अन् मला काही उमगेना. हा हक्क म्हणायचा की दया? मोर्चात याची घोषणा कशी देणार?

लग्न लागल्यावर नवरीच्या आईला विचारलं, खुर्च्या कोणाला सुचल्या?

“तुमच्या आईचाच निरोप होता. एक ठेवसान तर पोरगी उठून जाईन, दोन ठेवा म्हणे.”

मला रडू येत होतं की राग, तेही कळेना. घरी आल्यावर आईला गाठलं. मग मला आधी का नाही सांगितलं?

ती साडीची घडी घालत म्हणाली, “तुले सांगतलं असतं, तं आत्याशी भांडलं कोन असतं?”