टोपलीकाकांचा ठोकळा

११ मार्च, मंगळवार. दूध उतू गेले. स्वयंपाकघरातल्या खुर्चीचे बूड फाटले, टोपलीकाकांना सांगायचे आहे. त्यांचा ठोकळा लोककला संग्रहालयाने नेला.

एवढे लिहून बाईंनी वही मिटली, पण ठोकळा काही मनातून जाईना. टोपलीकाका बाईंच्या घराखालच्या खोलीत वेत विणत. टोपलीचे बूड गोल यायला त्यांना वडिलांच्या हातचा तो लाकडी ठोकळा लागे. संग्रहालयाचे साहेब आले, "तुमचा मान वाढवतो" म्हणाले, आणि काकांनी सही ठोकली. बघून परत देतील असे त्यांना वाटले. कागदावर होते 'कायमस्वरूपी'.

महिनाअखेर बेकरीला काकांकडून चाळीस टोपल्या हव्या होत्या. नाहीतर तिथे प्लॅस्टिकचे क्रेट येणार होते.

संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बाई काकांबरोबर गेल्या. साहेब भाषणात म्हणाले, "ही कला शेवटच्या घटका मोजते आहे."

"मोजणारच," काका बाईंच्या कानाशी पुटपुटले. "तिचं नरडं यांच्याच कपाटात आहे."

पाहुण्यांनी प्रात्यक्षिक मागितले. काकांनी हात जोडले. "ठोकळ्याशिवाय काय हवेत विणू, साहेब?"

कपाट उघडावे लागले. पाहुणे इतके खूश झाले, की काकांनी रोज इथेच बसून विणायचे ठरले. दोरीच्या आत, 'हात लावू नये' या पाटीखाली. डबा घेऊन आलेल्या काकूंना पहारेकऱ्याने तिकीट काढायला लावले.

"नवऱ्याला बघायला तिकीट?" काकू म्हणाल्या. "अहो, मी फुकट बघून कंटाळले."

पहिली टोपली पुरी होताच कारकुनाने तिच्यावर नंबर चिकटवला. नियमच होता: इथे पूर्ण झालेली वस्तू संग्रहालयाची.

"गेली बेकरी, बाई," काका म्हणाले.

बाईंनी नियमांचा कागद मागवून दोनदा वाचला. "ठोकळा नेमका कशाला लागतो?"

"बुडाला. वरचं मी डोळे मिटून विणतो."

"मग इथे पूर्ण करताच कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून काका नुसती बुडे विणू लागले. संध्याकाळी पोते पाहून पहारेकरी विचारी, "हे काय?"

"फसलेला माल."

पहारेकऱ्याला कीव येई. घरी काका-काकू रोज त्या बुडांच्या टोपल्या करत. साहेबांनी महिन्याच्या अहवालात लिहिले, 'कारागिराचा हात आता राहिलेला नाही. आपण अगदी वेळेवर पोहोचलो.'

चाळिसावी टोपली बेकरीत गेली, त्या संध्याकाळी बाईंनी वहीत लिहिले: खुर्चीचे बूड अजून फाटकेच. स्टुलावर बसून जेवले.