हिरव्या शाईचा डाग

साहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर हिरव्या शाईचा डाग आहे. आज तो मला अगदी जवळून दिसला, कारण ते माझ्या टेबलापाशी उभे राहून सगळ्यांसमोर ओरडत होते, "पत्र भलत्याच तालुक्याला गेलं! डोळे फुटले होते का तुमचे?"

फाइलमधल्या मसुद्यात मी टाइप केलेलं तालुक्याचं नाव बरोबर होतं. ते खोडून वर हिरव्या शाईत दुसरं लिहिलं होतं, आणि आमच्या कार्यालयात हिरवी शाई फक्त साहेब वापरतात. वरच्यांची चूक नेहमी सांडपाण्यासारखी खाली येते आणि खाली बसणारे निमूट पाय वर घेतात. आज मी घेतले नाहीत. फाइल उघडून त्यांच्या नाकासमोर धरली.

साहेबांचा हात खिशाकडे गेला, डाग झाकायला.