खाडीतलं चाक

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे आमच्या कोल्हापूरजवळच्या उचगावच्या वर्कशॉपचे किस्से साठलेत. कितीही झाडा, एखादा बुटात राहतोच आणि टोचतो! डिप्लोमा अर्धवट सोडून मी तिथं लागलो. मालक आण्णा. त्यांना सगळं यायचं. ऐकून घेणं तेवढं यायचं नाही.

*

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोकणातली एक पार्टी आली. खाडीत भरती-ओहोटीच्या पाण्यावर चाक फिरवून वीज करायची. चाक आम्ही बनवायचं. आण्णांनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. तरी ऑर्डर घेऊन मोकळे! "पंचगंगेचं काय आन् समुद्राचं काय, पाणी ते पाणीच की!"

*

माणूस सरपटत आत जाईल एवढा पत्र्याचा रुंद नळ केला. एका तोंडाला चाक, दुसऱ्या तोंडाला कचरा अडवायची जाळी, पक्की वेल्ड केलेली. मी विचारलं, "आण्णा, भरतीला पाणी उलटं आलं तर?"

"पाणी उलटं येतंय व्हय रं? कॉलेजनं तुला हाकललं ते उगंच न्हाय!"

अख्खं वर्कशॉप हसलं. कॉलेज मी सोडलं होतं, हाकललं नव्हतं. पण मोठ्यांची चूक काढायची नाही, असं आमच्याकडं लहानपणापासून ठोकून बसवतात.

*

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. आण्णांनी टेम्पो थेट वाळूत उतरवला. चहा पिऊन येतोय तोवर टेम्पोची चाकं पाण्यात! माझा दोस्त सद्या, आमचा वेल्डर, पांढराफटक पडला. त्याला पोहता येत नव्हतं.

आण्णा शांत. "वरच्या धरणातनं सोडलं असंल!"

*

मग सद्यानं धसकाच घेतला. दिसेल त्या मच्छीमाराला विचारायचा, "पावणं, पाणी परत कधी येतंय?"

आण्णा तापले. "परक्याम्होरं कोल्हापूरची लाज काढतोस व्हय? पाणी मला कळतंय!" त्यांनी काठावर वीट ठेवली. पंचगंगेचा पूर ते असाच बघायचे. पाणी विटेच्या खाली गेलं, की पूर उतरला. भ्यायचं काम नाही.

*

नळ खाडीत बसवला. चाकाच्या डायनामोची वायर काठावरच्या बल्बला जोडली. चाक जरा फिरून अडकलं. ओहोटीनं नळ कोरडा पडला, तसे आण्णा सद्याला म्हणाले, "आत जा, बोल्ट आवळ."

सद्यानं माझ्याकडं बघितलं. "तू हाईस न्हवं हितं?"

"हाय की."

पात्यांमधून सरपटत तो आत गेला. पाना वाजू लागला. थोड्या वेळानं माझ्या घोट्याला गार लागलं.

"आण्णा, पाणी!"

"वीट बघ की! कोरडी हाय!"

वीट कोरडीच होती. चाक मात्र हललं. सावकाश, मग जोरात. उलटं. पाना वाजायचा थांबला. सद्या आतून माझं नाव घेऊन किंचाळत होता. बाहेर यायची वाट एकच, फिरत्या पात्यांमधून. आणि काठावर बल्ब पेटला!

आण्णा टाळ्या वाजवत नाचायला लागले. "पेटला रं! पेटला!"

मी पहार उचलून चाकात घातली. पाती वाकली, चाक थांबलं. तोवर छातीपर्यंत चढलेल्या पाण्यातून, पात्यांच्या फटीतून सद्या बाहेर आला आणि माझ्या गळ्याला असा बिलगला, की मलाच श्वास घेता येईना.

काठावरून आण्णा ओरडले, "बल्ब कुणी इझवला रं?"