अक्कानं ठरवलेली वेलंकणीची यात्रा

वेलंकणीला जायचं अक्कानं ठरवलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुनंदा. सोलापूरच्या दवाखान्यात तिची केमो चालू असताना एका तमिळ नर्सनं तिला तिथल्या चर्चमधल्या आरोग्यमातेबद्दल सांगितलं. आम्ही शंकराला मानणारी माणसं, पण अक्काला त्यात काही वावगं वाटलं नाही. "दिवाळी झाली की जाऊ. तवर मी बरी हुते," म्हणाली आणि मला खोली बुक करायला लावली. मुरुम गावात तिचं आणि दाजींचं कापडाचं दुकान आहे. त्यातली एक निळी साडी तिनं मातेसाठी बाजूला काढून ठेवली.

पोळ्याच्या आधीच अक्का गेली.

मी बुकिंग रद्द करणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "राहू दे. आपण जाऊन येऊ."

"नवस कुठं पावला, दाजी? कशाला जायचं?"

"नवसाचं न्हाय. तिला जायचं हुतं."

ती गेल्यापासून तिचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला होता. घरात कुणी नाव घेतलं तरी ते उठून दुकानात जायचे.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी सांगते. मुरुमहून एसटीनं सोलापूर, तिथून रेल्वेनं चेन्नई. चेन्नईत स्टेशन बदलावं लागतं, त्यासाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा. मग नागपट्टिणमची गाडी आणि शेवटचा थोडा रस्ता बसनं. राहायला चर्चच्या धर्मशाळेतच खोली घ्या. स्वच्छ असते, भाडं परवडतं, आधारकार्ड मात्र विसरू नका. सप्टेंबरच्या जत्रेत पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी बेताचीच होती. शाकाहारी माणसाला इडली-डोसा कुठंही मिळतो. दाजी सगळ्या प्रवासात खिडकीबाहेर बघत बसले आणि मी समोर ठेवीन ते मुकाट खात गेले.

चर्च पांढरंशुभ्र, उंच, जवळच समुद्र. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, पाळणे टांगलेले. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं, तशी वस्तू विकत घेऊन मातेला वाहायची. दाजी तिथंच थांबले.

"तू जाऊन ये. मी बसतो हितं."

ते कट्ट्यावर सावलीत बसले, साडीची पिशवी मांडीवर. मला त्यांना एकटं सोडवेना. शेजारी कलबुर्गीकडची एक म्हातारी बसली होती. आम्हाला मराठी बोलताना ऐकून तिनं कन्नड येतं का विचारलं. सीमेवरच्या माणसाला दोन्ही भाषा घरच्याच. ती कन्नडमधूनच बोलायला लागली.

"कुणासाठी आलात, बाबा?"

"बायकोसाठी."

"आजारी होती?"

"हो."

"आता बरी आहे?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. "बरी आहे आता," ते म्हणाले. "चालती-फिरती झाली. घरीच आहे."

म्हातारीनं हात जोडले, मग एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. दाजी मान खाली घालून तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं उठले, रांगेत उभे राहिले. आत मातेच्या अंगावर जरीची साडी होती. दाजींनी आपली साडी तिथल्या माणसाच्या हातात दिली आणि कुठंही न थांबता बाहेर आले.

मी काही विचारलं नव्हतं. खोलीकडं येताना तेच म्हणाले, "गावात सगळ्यास्नी ठाऊक हाय. हितं कुणाला म्हायती न्हाय. म्हणून म्हणलं, एकदा तरी तसं बोलून बघावं."

मग भर रस्त्यात ते रडले. अंत्यविधीतही न रडलेला माणूस. लोक बाजूनं जात होते. तिथं रडणाऱ्याचं कुणाला नवल नसतं.

परत येऊन आता बरेच दिवस झाले. जाऊन काय मिळालं, असं ओळखीचे विचारतात. दुःख हलकं झालं असं मी म्हणणार नाही. अक्का नाही, ते आहे तसंच आहे. पण दाजी आता दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मला धाराशिवला फोन करतात. परवा म्हणाले, "सुनंदा समुद्राला भ्याली असती, न्हाय?"

"पाण्यात पायसुद्धा घातला नसता, दाजी."



"घातला असता," दाजी म्हणाले. "माझा हात धरून."