खिडक्या लावणाऱ्या मोठ्या बाई

मोठ्या बाई खिडक्या लावायला उठल्या की सहावीचा सगळा गोंगाट एकदम थांबायचा. आता काहीतरी ऐकण्यासारखं येणार, हे पोरांना कड्यांच्या आवाजावरूनच कळायचं. पुष्कळदा ते फक्त जास्वंदीच्या फुलाचं परागीभवन असायचं. त्यालाही खिडक्या बंद.

मी तेव्हा बी.एड. करत होते आणि सरावपाठ घ्यायला कवठे महांकाळजवळच्या त्यांच्या शाळेत जात होते. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. विज्ञानही त्याच शिकवायच्या. मी किशोरवयावरच्या पाठाचं टाचण मोठ्या उत्साहानं काढलं होतं, तक्ते रात्री जागून रंगवले होते. बाईंनी टाचण शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंयस गं पोरी. पन तू पचनसंस्था घे की. तिच्यात काय कमी हाय?"

मी पचनसंस्था घेतली. मग श्वसनसंस्था घेतली. दर वेळी विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात गावची यात्रा निघायची, नाहीतर तपासणीला साहेब यायचे. काहीच नसलं की "पोरी लहान हायत अजून" हे होतंच. माझं डोकं असं तापायचं की सांगलीला परतताना एसटीत शेजारच्या बाईशीसुद्धा मी धड बोलायची नाही.

बरं, बाई वाईट असत्या तर सोपं होतं. त्यांच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्यात पॅडचे पुडे, घड्या घातलेले जादा गणवेश आणि गुळाचा डबा. एखादी मुलगी अडकली की बाई हातातलं काम टाकून तिला आत न्यायच्या, स्वतः गुळाचा चहा करून द्यायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या. पण काय झालं, का झालं, याबद्दल चकार शब्द नाही. "कुनाला सांगू नगंस" एवढंच. कपाट उघडता तसं एकदा तोंडही उघडा की, असं माझ्या अगदी ओठावर यायचं. पण माझ्या पाठांवर सही त्यांचीच लागायची, त्यामुळे मी ते गिळून टाकायची.

आणि मग मार्चमध्ये आरतीचं झालं. सहावीतली काटक पोर, खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी. त्या दिवशी सकाळच्या खेळात ती पडली आणि थोड्या वेळानं तिला रक्त दिसलं. पडल्यामुळे आतून काहीतरी फुटलंय आणि आपण आता मरणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. दिवसभर बाकावरून उठली नाही, डबा खाल्ला नाही, पाणी प्यायली नाही. शाळा सुटल्यावरही ती बसूनच, म्हणून मी जवळ गेले. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाई, आईला बोलवू नगा. ती लय रडंल."

बाईंनी नेहमीसारखं सगळं निगुतीनं केलं. कपाट, गणवेश, चहा. आरती बहिणीबरोबर घरी गेली आणि माझा तोल सुटला. सहीची पर्वा न करता मी ओरडले, "बाई, मला तो पाठ घेऊ दिला असता तर ही पोर दिवसभर मरणाची वाट बघत बसली नसती!"

"मलाबी कुनी सांगितलं न्हवतं," बाई तडकून म्हणाल्या. "मी काय मेले?"

"पण तुम्हालाही तसंच वाटलं होतं ना?"

बाईंनी कपाटाला कुलूप लावलं. मग पाठमोऱ्या राहूनच "उद्या घे तुझा पाठ," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलांना मैदानावर हाकललं गेलं. "त्यांनाही बसू दे ना," मी म्हटलं, तर "त्यांचं पुढच्या आठवड्यात बघू." खिडक्या बंद, पंखा बंद पडलेला, मुलींचे चेहरे घामानं निथळत होते. बाई शेवटच्या बाकावर पाठ बघायला बसलेल्या. मी तक्ते दाखवले, सगळं समजावलं आणि विचारलं, कुणाला काही शंका? एकीचीही मान वर होईना. आरती तर बाकावर नखानं रेघा ओढत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. मोठ्या बाई उभ्या राहिल्या, मुली राहतात तशा, हाताची घडी घालून.

"बाई," त्या म्हणाल्या. मला नेहमी पोरी म्हणायच्या. "यात मानूस मरत न्हाई न्हवं?"

कुणी हसलं नाही. आरतीनं वळून त्यांच्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "कुणीही मरत नाही."

बाई खाली बसल्या. मग आरतीचा हात वर झाला, मग दुसरीचा, आणि तास संपल्याची घंटा कुणी ऐकलीच नाही.

मुलांचा पाठ मात्र शेवटपर्यंत झाला नाही. तो पुढचा आठवडा काही उगवला नाही. माझं प्रशिक्षण संपलं, पुढे बाई निवृत्त झाल्या. त्या मुलांना कुणी काय सांगितलं असेल, देव जाणे. त्याचा राग मला अजून येतो, आणि बाईंची आठवणही त्या रागासकटच येते.

आता मी आटपाडीकडे शिकवते. खिडक्या उघड्या ठेवते, मुलं-मुली एकत्र बसवते, आणि दर वर्षी कुणाचे तरी वडील भांडायला येतात. पाठ संपला की मी विचारते, कुणाला काही विचारायचंय? सगळ्या माना खाली. मग मी खडू ठेवते, शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि हात वर करते.